सकाळी सातची बाटली

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यात मी अबोल, इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली... हे घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी भिंगारला राहते. पारनेर तालुक्यातल्या एका छोट्या, जुन्या तलावावर माझा मामा पेडल बोटी चालवतो. तलावाच्या मातीच्या भिंतीखालून थोडं पाणी कायम पाझरतं. मामाची पद्धत अशी — रोज सकाळी सातला ते पाणी काचेच्या बाटलीत भरायचं, झाकण लावून तिकिटाच्या खिडकीत ठेवायचं. स्वच्छ असेल तर भिंत ठीक. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय — बोटी बंद.

मागच्या वर्षी तलाव काठोकाठ भरला होता. त्या रविवारी बाटली मीच भरली. पाणी आरपार दिसत होतं. मामाची आठ वर्षांची मुलगी सई भिंतीच्या पायथ्याशी, कडुलिंबाखाली डबे खाणाऱ्या लोकांत खेळत होती.

साडेअकराला सहज बघितलं, तर बाटलीच्या तळातून धूर चढावा तशी तांबडी माती वर येत होती. झाकण घट्ट होतं. बघता बघता अख्खी बाटली लाल झाली... मी मामाला हाक मारली.

"मामा, खालच्या लोकांना वर घे. आत्ता!"

"आगं, गाळ आसंल. तू हलवली आसशील."

"हात पण नाही लावला!"

"सकाळी सोताच्या डोळ्यानं बघितलं ना? रविवार हाय बाई, गिऱ्हाईक पळवू नको."

रांगेतली एक बाई हसली, "भाची पाण्याला लई भिते वाटतं!"

एरवी मी गप्प बसले असते. पण सई खाली होती. मी ओरडत पायऱ्या उतरले. लोक कुरकुरत उठले. सईला मी ओढतच वर आणलं. शेवटचा माणूस वर आला आणि पाझर तांबडा होऊन फुगला... कडुलिंबाजवळचा उतार खचून खाली बसला. भिंत कशीबशी टिकली.

पाहणीला आलेले इंजिनिअर म्हणाले, पाझर दुपारीही बघायला हवा होता. बाटलीबद्दल म्हणाले, "झाकण सैल असेल." असेल... पण माती कुठून आली?

आता दुरुस्ती झालीय. दर रविवारी मामाचा फोन येतो, "बाई, तू बाटली बघ, मगच बोटी सोडतो." मी जाते. पाणी स्वच्छ दिसतं, मी मान हलवते, लोक खाली डबे उघडतात... आणि मला धडकी भरते. त्या दिवशी मला कोणी सावध केलं, मला माहीत नाही. पुन्हा करेल का, तेही माहीत नाही.