कुंकू लावलेला कंट्रोलर

माझा मोठा भाऊ कोथरूडचा फ्लॅट विकून कायमचा मुलीकडे बंगळूरला निघाला, त्या दुपारी मला एकच गोष्ट हवी होती. दादाला हरवायचं. कॅरम घ्या, पत्ते घ्या, सायकलची शर्यत घ्या, नाहीतर आंबा आधी कोण संपवतं ते घ्या; साठी उलटली तरी मी त्याच्याविरुद्ध एकदाही जिंकले नव्हते. मी हरले की तो माझ्या कपाळावर टिचकी मारायचा. मी सासू झाले तरी त्याने ती सवय सोडली नव्हती.

पण या वेळी माझी तयारी होती. लेकीने परदेशी जाताना आपला गेमचा कन्सोल माझ्या टीव्हीखाली ठेवून दिला होता, आणि मी भाजी गॅसवर ठेवून मोटारींच्या शर्यतीचा सराव करत होते. अगदी गुपचूप. भाज्या करपल्या, पण वळणावर गाडी तिरकी कशी घालायची ते मला आलं. शेजारणीला वाटायचं, मी मालिका बघते.

दादा जेवायला आला तो बॅग घेऊनच. टॅक्सी चार वाजता माझ्याच दारात येणार होती. त्याने मठ्ठा संपवून हात पुसले, तसा मी त्याच्या हातात दुसरा कंट्रोलर ठेवला.

"हे काय?"

"शर्यत लावायची. घाबरलास?"

"कुणाला? तुला?" असं म्हणून तो ऐसपैस बसला.

अडचण एवढीच होती की हा दुसरा कंट्रोलर मी आजवर जोडलाच नव्हता. याला वायर नसते. कन्सोलवरचं बटण दाबायचं, मग कंट्रोलरच्या वरच्या कडेचं बारकं बटण दाबून धरायचं. दिवा भराभर लुकलुकतो आणि दोघांची ओळख पटली की स्थिर होतो. व्हिडिओ बघून मला हे तोंडपाठ झालं होतं. पण ते बारकं बटण काही केल्या आत जाईना. मी अंगठ्याने दाबलं, चमच्याच्या टोकाने दाबलं, दादाने त्याच्या किल्लीने दाबलं.

मग त्याने चष्मा कपाळावर ढकलून कंट्रोलर नाकाशी धरला. "अगं, यात लाल काय भरलंय?"

मी बघितलं आणि मला हसू आवरेना. कुंकू! खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. माझं शिवणाचं मशीन, विळी, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू. लेक या कन्सोलला 'माझं हत्यार' म्हणायची, म्हणून यंदा तिच्यामागे मी दोन्ही कंट्रोलर पाटावर मांडले होते. पहिल्याला नुसतं बोट टेकवलं. दुसऱ्यापर्यंत येईतो माझा भक्तिभाव उफाळून आला असावा. ओलं कुंकू फटीत उतरून वाळून घट्ट बसलं होतं, आणि त्यात एक तांदळाचा दाणाही होता.

"नैवेद्य काय दाखवलास?" दादाने शांतपणे विचारलं. "सेल?"

मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. तो पिनेने कोरत होता, मी फुंकर मारत होते, आणि कुंकू उडून त्याच्या प्रवासाच्या पांढऱ्या शर्टावर बसत होतं. दोघांचीही नजर सारखी घड्याळाकडे जात होती. शेवटी बटण टक्कन आत गेलं. दिवा लुकलुकला, थांबला, आणि कंट्रोलर दादाच्या हातात असा थरथरला की त्याने तो माझ्या मांडीवर फेकला.

"जिवंत आहे हा!"

हसून हसून मला उचकी लागली.

पहिली शर्यत बाद झाली. मी वळवत होते आणि गाडी सरळ भिंतीत जात होती. पडद्याचे दोन भाग झाले होते आणि दोघं एकमेकांचाच भाग बघत होतो, हे कळायला शर्यत संपावी लागली. दुसरी मात्र खरी झाली. शेवटच्या वळणावर मी गाडी तिरकी घातली, दादा गवतात गेला, आणि मी जिंकले. मी सोफ्यावर उभी राहिले. या वयात, साडी सावरत, सोफ्यावर!

तेवढ्यात खालून टॅक्सीवाल्याचा फोन आला. गाडी सुटायच्या दोन तास आधी स्टेशनवर जाऊन बसणारा माझा भाऊ त्याला म्हणाला, "थांबा जरा." मग माझ्याकडे वळला. "पुन्हा लाव. हरून मी बंगळूरला जाणार नाही."

"मग नको जाऊस," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करत नव्हते, हे त्याला कळलं. मी शर्यत लावली.

तो बॅग खांद्याला लावून उभ्यानेच खेळला. मी अशी खेळले, की इतकं जीव तोडून आयुष्यात काही केलं नसेल. वेडेपणाच होता. फ्लॅट विकला गेला होता, सामान पुढे गेलं होतं, तरी मला वाटत होतं की एवढी एक शर्यत जिंकले तर तो राहील. शेवटच्या वळणापर्यंत मी पुढे होते. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रस्ता दिसेनासा झाला.

दादा जिंकला. "हात्तिच्या!" म्हणत लिफ्टमध्ये शिरला, खाली टॅक्सीत बसेपर्यंत हसत होता. मी गॅलरीतून ओरडले, "रडीचा डाव! हा रडीचा डाव होता!" समोरच्या इमारतीतले लोक बाहेर आले. टॅक्सी कोपऱ्यावरून वळली तरी मी ओरडतच होते, कारण ओरडणाऱ्या बाईचा आवाज फुटला तर कुणी काही विचारत नाही.