पाटावर मांडलेली डिस्क

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नांदेडच्या एका नर्सिंग कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात मी शिपाईमामांवर ओरडले, कारण त्यांनी सर्व्हरवर चहाचा ट्रे ठेवला होता. मामा रिटायरमेंटला आलेले. ट्रे उचलत शांतपणे म्हणाले, "आधी सांगायचं नव्हतं का ताई, हे नाजूक हाय म्हणून." मला लाज वाटली. तेव्हापासून मी त्यांना एकेक गोष्ट सांगायला लागले.

त्यात एकदा सर्व्हरला लावलेली काळी डिस्क दाखवून मी म्हणाले, "मामा, ह्या डब्यात आपल्या सगळ्या पोरींचं वर्ष हाय. बाकी काही गेलं तर चालंल, हा डबा जायला नको." खोटं नव्हतं ते. प्रॅक्टिकलचे परीक्षक बाहेरगावचे. थेट स्क्रीनवर गुण भरून निघून गेलेले, कागद कुठंच नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ते गुण बोर्डाला पाठवायचे होते. नाही गेले तर पोरींचा निकाल अडकणार.

त्या गुणांची नक्कल डिस्कवर घ्यायला मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे काही जादू नाही. रोजची कामं एका फायलीत ओळीनं लिहायची, ठरल्या वेळी मशीन ती वरून खाली करत जातं. माझी स्क्रिप्ट रोज सकाळी अकराला चालायची. पहिली ओळ, गुणांच्या फोल्डरमध्ये जा आणि आज काय बदललं त्याची यादी कर. दुसरी, डिस्कमध्ये जा. तिसरी, जिथं उभा आहेस तिथलं जुनं सगळं पुसून टाक. चौथी, गुणांची ताजी नक्कल इथं आणून ठेव. चार ओळी! महिनाभर बिनबोभाट चालल्या आणि मी हवेत. एकच गोष्ट विसरले. एखादी ओळ फसली तरी मशीन थांबत नाही, मुकाट पुढच्या ओळीला लागतं.

दसऱ्याला मी कंधारला घरी गेले. आमच्याकडं त्या दिवशी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायचं, मग आईच्या हातची खीर. कॉलेजात मात्र आदल्या दिवशी खंडेनवमी असते. हत्यारं पाटावर मांडून पूजा करायची, आणि दसरा होईपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. सुतार रंधा मांडतो, आमचे मामा पंचिंग मशीन आणि स्टेपलर मांडतात. हे मला माहीत होतं. पण ह्याच्याशी माझ्या चार ओळींचा काय संबंध, असं मला वाटायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत निघाले. लोहा सोडलं आणि प्राचार्य मॅडमचा फोन आला. "अगं, गुणांचं फोल्डर रिकामं दिसतंय. तू काही हलवलंस का?"

मी काहीच हलवलं नव्हतं. मामांना फोन लावला. "मामा, डिस्क कुठंय?"

"पाटावर हाय की ताई. नवमीला तिचीच पूजा केली पहिली. तुम्हीच म्हणला ना, सगळ्या पोरींचं वर्ष तिच्यात हाय म्हणून. आता उत्तरपूजा झाली, लावतोच जागेवर."

तेव्हा मला सगळं दिसलं. नवमीला अकरा वाजता मशीन डिस्कमध्ये जायला निघालं. डिस्क जागेवर नाही. ते जिथल्या तिथं, गुणांच्या फोल्डरमध्येच उभं राहिलं आणि पुढची ओळ वाचली, जिथं उभा आहेस तिथलं सगळं पुसून टाक. पुसलं. आता उरलेली एकच नक्कल पाटावर होती. मामांनी डिस्क लावली की अकराला मशीन तिच्यातही जाणार, तीही पुसणार. घड्याळात साडेदहा झाले होते.

"मामा, लावू नका! हात लावू नका तिला!" मी एवढ्या जोरात ओरडले की कंडक्टरनं वळून बघितलं. तिकडून "हॅलो, हॅलो" आलं आणि रेंज गेली. पुढची वीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

परत फोन लागला तेव्हा मामा म्हणाले, "लावू नका एवढं ऐकलं. न्हाई लावली. मांडीवर घेऊन बसून राहिलो." मला तिथंच रडू फुटलं.

कॉलेजात पोचल्यावर आधी स्क्रिप्ट बंद केली, मग डिस्क हातात घेतली. वायर घालायच्या भोकात कुंकू आणि तांदळाचा एक दाणा! जोडली, डिस्कवरचा दिवा लागेना. एका विद्यार्थिनीनं स्पिरिट आणि कापूस आणला. तिचेही गुण आतच होते. तिनं चिमट्यानं दाणा काढला, जखम पुसावी तसं भोक पुसलं, आणि वाळेपर्यंत मला हात लावू दिला नाही. मग दिवा लागला. साडेचारला गुण बोर्डाला गेले.

मॅडमनी विचारलं, चूक कोणाची. "डबा मी काढला," मामा खाली मान घालून म्हणाले. "ओळी मी लिहिल्या," मी म्हणाले. "माणूस डिस्क काढणारच. काढली तर काय, हे मी लिहायला हवं होतं." नोकरी अकरा महिन्यांच्या करारावरची, धाकधूक होतीच. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मग आता लिही."

लिहिलं. दोन कामांच्या मधे && एवढी खूण टाकली की पहिलं जमलं तरच मशीन दुसऱ्याला हात लावतं, नाहीतर थांबून तसं स्क्रीनवर सांगतं. नक्कल आधी घ्यायची आणि जुनं मागाहून पुसायचं, असा क्रमही बदलला. पण मामा बदलले ते बदललेच. सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकेनात, चहा दारातूनच द्यायचे. ते मला लई लागलं.

यंदाच्या खंडेनवमीला मी मुद्दाम थांबले. पाटावर पंचिंग मशीन, स्टेपलर, कात्री. डिस्क नाही. मी आत गेले, डिस्क काढली आणि पाटावर मधोमध ठेवली.

"अहो ताई, काय करून राहिल्या! अकरा वाजायला आले," मामा घाबरून म्हणाले.

"वाजू द्या," मी म्हणाले आणि त्यांना हाताला धरून स्क्रीनपुढं बसवलं. अकरा वाजले. एक ओळ उमटली. मामांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचली, "डिस्क जागेवर नाही. काहीही पुसलेलं नाही."

पुन्हा एकदा वाचली. मग गुणांचं फोल्डर उघडायला लावलं आणि पोरींची नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. उठले, पाटाशी बसले आणि डिस्कला कुंकवाचं बोट लावलं, भोकापासून चांगलं चार बोटं लांब.