पाव आट्याचा हात

४ ऑगस्ट २००६ रोजी मिस्त्रींनी ते कटिंग मशीन एकतीस हजार आठशे पन्नास रुपयांना घेतले, तेही वापरलेले. पावती बायकोच्या नावाने केली. "दुरुस्ती मी बघीन, चालवायचं तू," असे त्यांनी तिला सांगितले. तिने पावती दोनदा वाचली, घडी घालून डब्यात ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे बिघडलं की तुमचं, चाललं की माझं. ठरलं."

पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार, अशी अकरा वर्षे गेली. बाटल्यांची लेबले, वह्यांवरचे स्टिकर, कागदाच्या लहान पेट्या, जे काम येईल ते ती करायची. मशीन जुन्या पद्धतीचे होते. बोटाएवढ्या नळीत पाते, पात्याच्या डोक्यावर एक छोटी स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या वर स्क्रू. स्क्रू आवळला की स्प्रिंग दबते आणि पाते कागदावर जास्त जोर देते, सैल केला की जोर कमी होतो. लेबलाच्या कागदाला दोन थर असतात. वरचा कापला गेला पाहिजे आणि खालचा मेणकट कागद शाबूत राहिला पाहिजे. जोर किंचित वाढला की दोन्ही थर कापून लेबले जमिनीवर पडतात, किंचित घटला की लेबल सुटत नाही.

ती एक चौकोन कापायची, कागद उलटा करायची आणि त्याच्या पाठीवरून बोटाचे टोक फिरवायची. खालच्या कागदावर पात्याचा वळ किती उठला, ते तिच्या बोटाला समजायचे. "पाव आटा कमी," असे स्वतःशीच म्हणत ती स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, सैल करायची. दुसरा चौकोन कापून बघायची वेळ क्वचितच यायची. मिस्त्रींची तीस वर्षे असली यंत्रे उघडण्यात गेली होती, पण त्यांनी स्क्रूकडे हात नेला की ती पट्टीने टोचायची. "तुमचा हात हातोडीचा. व्हा बाजूला." मिस्त्री मुकाट्याने बाजूला व्हायचे, आणि मनातून त्यांना ते आवडायचे.

अकराव्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झाले, मग औषधाच्या बाटल्या चढू लागल्या. केस गेले त्याचे तिने फारसे मनाला लावून घेतले नाही. "शाम्पूचा खर्च वाचला," म्हणाली. पण तिसऱ्या खेपेनंतर बोटांची टोके बधिर झाली. हातात चहाचा कप आहे की नाही, हे तिला डोळ्यांनी बघावे लागे. डॉक्टर म्हणाले, औषधाने होते असे. कधी बोटे परत येतात, कधी येत नाहीत.

तरी ती मशीनवर बसत राहिली. कागदाच्या पाठीवरून बोट फिरवायची, बराच वेळ फिरवायची आणि शेवटी अंदाजाने आटा द्यायची. एका दुपारी साठ कागद आरपार कापले गेले. ती खाली बसून लेबले गोळा करू लागली, आणि बोटांना ती उचलताही येईनात.

"मला काही कळत नाही हो," ती म्हणाली.

"होईल ठीक," मिस्त्री म्हणाले.

स्क्रू त्यांना स्वतः लावता आला असता. पण "तू ऊठ, मी बघतो" हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. मग त्यांनी वेगळाच विचार केला. स्प्रिंग लांब आणि मऊ असली, नळीत आधीच दाबून बसवली, तर स्क्रू पाव आटा फिरवा की दोन आटे, पात्याचा जोर जवळपास तेवढाच राहतो. एका सकाळी ती झोपेत असताना त्यांनी जुनी स्प्रिंग काढली आणि ती मऊ व्हावी म्हणून गॅसवर धरली. हे करू नका, स्प्रिंग मरते, असे त्यांनी तीस वर्षे प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावले होते. स्प्रिंग आधी निळी पडली, मग लाल झाली आणि मेली. दाबली तर दबलेलीच राहिली.

तेव्हा ते स्प्रिंगवाल्याकडे गेले. हा माणूस एका गाळ्यात हाताने स्प्रिंगा वळायचा.

"इतकी मऊ?" माप ऐकून तो म्हणाला. "मिस्त्री, ही स्प्रिंग आहे की लोकर? स्क्रू फिरवला काय अन् न फिरवला काय, सारखंच."

"तसंच हवंय."

"मग स्क्रू तरी कशाला ठेवता?"

मिस्त्रींनी रोख पैसे मोजले आणि स्प्रिंग घरी आणून तिच्या नकळत नळीत बसवली.

त्या दिवशी तिने चौकोन कापला, बोट फिरवले, पाव आटा दिला. लेबल अलगद सुटले. दुसऱ्या दिवशीही सुटले. चौथ्या दिवशी ती काम करता करता गुणगुणू लागली. जेवताना अर्धी पोळी जास्त घेतली. "हात आला माझा परत, बघा," म्हणाली.

"मी म्हणत होतोच," मिस्त्री ताटाकडे बघत म्हणाले.

पंधरा दिवसांनी एका गिऱ्हाइकाने जाड कार्डाच्या पेट्या मागितल्या. तिने एक आटा आवळला. पाते नुसता ओरखडा काढून गेले. दोन आटे दिले, चार दिले, तरी ओरखडाच. मग तिने लेबलाचा कागद लावला, स्क्रू पार सैल केला आणि चौकोन कापला. लेबल अलगद सुटले. तिने कागद उलटा केला, बोट फिरवले, आणि मग काय वाटले कोण जाणे, कागदाची पाठ खालच्या ओठावरून फिरवली.

"अहो, इकडे या."

मिस्त्री आले.

"हा स्क्रू कशालाच जोडलेला नाही."

"जोडलाय. स्प्रिंग मऊ आहे."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस."

"म्हणजे मी इथे गाणी म्हणत होते, आणि तुम्ही ऐकत होतात."

"तुझे हाल बघवत नव्हते गं."

"हाल माझे होते ना? मला एकदा विचारायचं तरी." तिचा आवाज चढला नव्हता. तिने कागद पुढे केला. "हे बघा. बोटांना नाही कळत, पण ओठाला कळतं. वळ चक्क लागतो. माझी स्प्रिंग बसवा परत. कागद वाया गेलेच, तर माझ्या हाताने जाऊ देत."

मिस्त्रींनी कागद घेतला आणि तो उलटसुलट करत राहिले.

"कुठाय ती?"

"मी गॅसवर धरली."

ती मिस्त्रींची बायको होती. तिला पुढचे समजावून सांगावे लागले नाही. "तुम्ही?" एवढेच ती म्हणाली.

मिस्त्री त्याच पावली स्प्रिंगवाल्याकडे गेले आणि जुन्या स्प्रिंगचे माप त्यांनी आठवून सांगितले. त्या जाडीची तार संपली होती, आठ दिवस लागणार होते. तेवढे दिवस ती मशीनवर बसली नाही. रद्दीतले जुने कागद घेऊन डोळे मिटून ओठाने पारखत राहिली. "हा जास्त. हा बरोबर. हा कमी." मिस्त्री प्रत्येक कागद उजेडात धरून बघायचे. वीसपैकी एकोणीस बरोबर आले. सहाव्या दिवशी तिला ताप चढला आणि दवाखान्यात ठेवावे लागले.

आठव्या दिवशी स्प्रिंग तयार झाली. मिस्त्री खिसे चाचपू लागले, तेव्हा स्प्रिंगवाल्याने त्यांचा हात धरला. "वहिनींना दाखवा आधी. पैसे कुठे पळतायत?"

दवाखान्यात खाटेवरच तिने स्प्रिंग बोटात धरली, पण काही कळेना. मग हनुवटीवर टेकवून तळव्याने दाबली.

"हीच," ती म्हणाली. "घरी गेल्यावर मीच बसवीन. तुम्ही हात लावायचा नाही."

"नाही लावत."

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच ती गेली.

मिस्त्रींनी ती स्प्रिंग अजून बसवलेली नाही. पेट्या गिऱ्हाइकाने दुसरीकडून करून घेतल्या. स्प्रिंगवाल्याचे पंचेचाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.