डब्यातली चमचाभर चटणी

डबा रिकामा आला म्हणून कुठल्या आईला वाईट वाटतं? मला वाटलं. माझी पोरगी दहा वर्षांची, आणि पहिलीपासून तिचा डबा पूर्ण संपलेला मी कधी बघितला नव्हता. अर्धी चपाती, कडेला सारलेली भाजी, सुकलेली काकडी, हे रोजचंच. आणि यंदा आषाढ सरता सरता एक दिवस डबा आला तो चाटून-पुसून साफ, वर धुतलेला. धुतलेला! घरी जेवल्यावर ताट उचलून मोरीत ठेवत नाही, ती बाई शाळेच्या नळावर डबा धुते? कुठंतरी पाणी मुरतंय हे मी त्याच संध्याकाळी ओळखलं.

"पोरगी जेवली तर आनंद मान की," नवरा म्हणाला. "तू पोलिसात जायला पायजे हुतीस."

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे, लपवत नाही. दूधवाल्यानं आपणहून मापावर जास्त धार सोडली, तर मी पातेलं वाकडं करून बघते. आम्ही राहतो कंग्राळीत. सासर शेतकरी, पण नवरा आणि मी दोघंही बेळगावात नोकरीला. सकाळी साडेसातला शाळेची व्हॅन कोपऱ्यावर येते आणि त्याआधी तीन डबे भरावे लागतात. त्यातला पोरीचा डबा म्हणजे रोजची परीक्षा. वर्गातल्या आयांचा फोनवर ग्रुप आहे. रविवारी दुपारपासून तिथं फोटो सुरू होतात: नाचणीचा डोसा, पालकाच्या पुऱ्या, फुलाच्या आकाराचं सँडविच. एवढं नटवलेलं जेवण कुठलं पोर खात असेल यावर माझा विश्वास नाही. फोटो काढून झाल्यावर त्याच आया उभ्या-उभ्या ते संपवत असणार. तरी मीही करायची. कधी आप्पेपात्रातले पड्डू, कधी मसाला इडली, कधी दोडक्याच्या शिरांची चटणी लावून चपातीची गुंडाळी.

तर डबे साफ यायला लागले आणि आठवड्याभरात पोरीनं फर्मान काढलं. "मम्मी, डब्यात कांदा नको. लसूण नको. बटाटा पण नको."

"का गं?"

"असंच."

असंच म्हणे! रविवारी हीच मटणाचा रस्सा वाटीला तोंड लावून ओरपते, वर नळी माझी म्हणून बापाशी भांडते. आणि सोमवारी हिला कांदा चालत नाही? मी कान टवकारले. चार दिवसांनी म्हणाली, अंडं तर अजिबात नको. मग म्हणाली, दोन घास जास्तच घाल. विचारलं की नुसती खाली बघायची. पोर खोटं बोलायला लागलं की ते कळतं; पण बोलतच नसेल तर काय धरायचं?

शेवटी सुगावा लागला शाळेतल्या पालक-सभेत. माझी पोरगी एका मुलीच्या हातात हात घालून उभी होती. मुलगी निपाणीकडची, जैनांची. वडील तिकडं शेती आणि दुकान बघतात, आणि मायलेकी शाळेसाठी बेळगावात भाड्यानं राहतात. तिची आई माझ्याशी फार गोड बोलली. "तुमच्याबद्दल लई ऐकलंय आक्का," म्हणाली. काय ऐकलंय? कुणाकडून? मी हसले, पण मनात पाल चुकचुकली. घरी येईपर्यंत माझं सगळं जुळलं होतं. ह्यांच्यात कांदा-लसूण वर्ज्य. पोरीला कुणीतरी शिकवलं असणार की तुझ्या डब्याला वास येतो. आणि माझी गधडी लाजून डबा कुठंतरी ओतत असणार, आणि पुरावा नको म्हणून धूत असणार.

हे मला उगीच नाही सुचलं. मी खानापूरजवळच्या खेड्यातली. आठवीत शहरातल्या हायस्कुलात आले तेव्हा माझ्या डब्यात भाकरी आणि लसणीची चटणी असायची. शेजारच्या मुलीनं एकदा नाकाला रुमाल लावला आणि बाक बदलला. बोलली काहीच नाही. मी वर्षभर डबा मांडीवर झाकून खाल्ला. त्या मुलीचा चेहरा मी विसरले, पण रुमाल अजून आठवतो. माझ्या लेकीला कुणी रुमाल लावलेला मी खपवून घेणार नव्हते.

आता चटणीचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. आमच्या भागात चटणी म्हणजे वर्षाची लाल चटणी. उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, कांदा तळायचा, लसूण सोलायचा, सगळं मसाल्याबरोबर डंकावर कुटून बरणी भरायची. बाहेरचे तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. आम्ही नुसतं चटणी म्हणतो, आणि मीठ घालावं तशी ती प्रत्येक भाजीत घालतो. म्हणूनच पोरीनं कांदा-लसूण नको म्हटल्यावर मी कांदा चिरणं बंद केलं, लसूण ठेचणं बंद केलं आणि चमचाभर चटणी मात्र हातासरशी पडत राहिली. पहिले काही दिवस माझ्या ध्यानातही आलं नाही. देवाशपथ नाही आलं.

मग आलं. एका सकाळी इडलीच्या फोडी परतताना चमचा बरणीत गेला आणि हात थांबला. अगं बाई, ह्यात तर दोन्ही आहे! थांबायला हवं होतं. पण मला पालक-सभा आठवली, तो गोड आवाज आठवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. घाल, म्हटलं. वास येतो म्हणतात काय? घ्या आता वास, बघू कुणाच्या नाकाला कळतंय. नेहमीपेक्षा थोडी जास्तच घातली. डबा संध्याकाळी साफ आला. त्यानंतर मी रोज जाणूनबुजून घालत गेले. पोरगी व्हॅनमध्ये चढायच्या आधी विचारायची, "कांदा-लसूण न्हाय न्हवं?" आणि मी म्हणायची, "न्हाय म्हटलं की न्हाय."

दसऱ्याच्या सुट्टीत सहलीचा विषय निघाला. नवरा म्हणाला, गोकाकचा धबधबा. मी नको म्हटलं, तिथं भजीचे गाडे आहेत. किल्ला तळ्यावर आइस्क्रीम, राजहंसगडावर मक्याची कणसं. मला अशी जागा हवी होती जिथं विकत काही मिळत नाही, म्हणजे सगळ्यांना आपापले डबे माझ्यासमोर उघडावे लागतील. खानापूरच्या पुढं मलप्रभेच्या काठाला, माझ्या माहेरच्या भातशेताजवळ तशी जागा आहे. "तुझ्या मैत्रिणीला आणि तिच्या आईलाही बोलव," मी पोरीला म्हणाले. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. एवढा आनंद कशापायी, असं वाटून मी तिचाही संशय घेतला.

त्या सकाळी मी तोंडल्याचा मसालेभात केला. चटणी घातलीच. आज त्या बाईनं माझ्या भाताला नाक मुरडलं की लेकीसमोर तिचा मुखवटा उतरवायचा, एवढंच डोक्यात होतं.

नदीचं पाणी उतरलं होतं. नवऱ्यानं दोघींना घोटाभर पाण्यात सोडलं आणि स्वतः काठावर राखण करत बसला. मुली खेकडे शोधत ओरडत होत्या. मैत्रिणीच्या आईनं चादर पसरली, घरून आणलेलं गाळलेलं पाणी काढलं, शेंगाच्या पोळ्या काढल्या, मुगाची उसळ काढली. मी बघत होते ती माझ्या डब्याकडं कधी बघते ते. तिनं बघितलं आणि हसली.

"आमची पोर सकाळपासनं एकच म्हणालीया, काकूंच्या हातचं खायचं. रोजची सवय लागलीया न्हवं."

"रोजची?" मी म्हणाले.

"व्हय की. तुम्हाला ठाऊक न्हाय?" ती आवाज खाली आणून म्हणाली. "शाळेत डबा वाटून खायला बंदी हाय, म्हणून दोघी लपून खात्यात. घरात सांगितलं तर तुम्ही शाळेत जाऊन विचारशीला, म्हणून तुमची लेक गप्प बसली असंल."

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. ते शेतकरी जैन, घरात एरवी कांदा चालतो. पण यंदा चातुर्मासात त्यांच्या गावी मुनी महाराज आले होते, आणि पोरीनं कुणी न सांगता त्यांच्यापुढं हात जोडून नेम घेतला. चार महिने कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचा कुठलाच कंद खाणार नाही. तेव्हापासून ती कुणाच्या बारशाला जेवली नाही, सख्ख्या मावशीकडं जेवली नाही. सगळ्यांवर तिला शंका.

"मीच भ्यालो हुतो, दहा वर्साची पोर, नेम मोडला तर खचून जाईल. पण तुमच्या लेकीनं तिला शब्द दिला. म्हणाली, माझी मम्मी तुझ्यासाठी कांदा-लसूण न घालता करती, तू बिनधास्त खा. आक्का, दुसऱ्याच्या लेकरासाठी एवढं कोण करतंय हो?"

तेवढ्यात मुली आल्या, ओल्या पायांनी चादरीवर बसल्या. माझ्या लेकीनं स्वतः डबा उघडला आणि मैत्रिणीच्या ताटात मसालेभात वाढला, माझ्याकडं अभिमानानं बघत. त्या मुलीनं हात जोडले, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र म्हणायला लागली.

किती वेळ लागतो त्याला? अर्धं मिनिट. तेवढ्यात मी सगळे हिशोब केले. डबा सांडला असं करू? भात आंबला म्हणू? आजवर कळलं नाही, आजही कळणार नाही. महिन्याभरात नेम संपेल, पोर खुशीत राहील, माझी लेक खुशीत राहील. गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. तिनं डोळे उघडले, घास उचलला, आणि मी तिचं मनगट धरलं.

"खाऊ नको, बाळ. त्यात चटणी हाय."

"कसली चटणी?" तिची आई म्हणाली.

"आमची. वर्षाची."

तिला पुढं काही सांगावं लागलं नाही. ह्या भागातल्या कुठल्या बाईला त्या बरणीत काय असतं ते ठाऊक नाही? तिचा चेहरा उतरला. नवरा माझ्याकडं बघतच राहिला. माझ्या लेकीनं मात्र माझा पदर धरला आणि घाईघाईनं म्हणाली, "आजच घातलीस न्हवं मम्मी? आज चुकून पडली. आजच न्हवं?"

व्हय म्हणायचं, बस्स. ती स्वतःच मला वाट काढून देत होती.

"न्हाय गं," मी म्हणाले. "रोज घालत हुतो. पहिल्यांदा चुकून. मग ठाऊक असून."

ती मुलगी रडली नाही. घास ताटात ठेवून नदीवर गेली, हात धुतले, चूळ भरली आणि परत येऊन आईला विचारलं, "आई, माझा नेम मोडला?"

"तुला ठाऊक नव्हतं," आई म्हणाली. "तुझा न्हाय मोडला."

मग त्या बाईनं शेंगाची पोळी मोडून सगळ्यांच्या हातावर ठेवली, माझ्याही. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, भांडले असते, हलकी झाले असते. ती पोळी मला गिळवेना. मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली, पण आक्का म्हणाली नाही. परतताना गाडीत माझी लेक पुढं बापाशेजारी बसली, आणि तिनं मागं वळून एकदाही बघितलं नाही.

सुट्टी संपल्यावर पहिल्या सकाळी मी नवं पातेलं काढलं, नवा चमचा काढला. ओल्या नारळातले पड्डू केले. पोरगी गणवेश घालून ओट्याशी आली. तिनं विचारायच्या आधीच मी सांगायला सुरुवात केली: तांदूळ, उडदाची डाळ, खोबरं, जिरं, मीठ, आणि बाकी काही नाही.

ती नीट ऐकत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, उर्मटपणाही नव्हता. तिला मैत्रिणीला जाऊन सांगायचं होतं, म्हणून खरंच विचारत होती.

"मम्मी, हे तू म्हणतीस, का खरं हाय?"