लव्हॉन स्टुकेल आणि ट्रेलर

नाव: लव्हॉन स्टुकेल. वय: एकाहत्तर. पूर्वीचा हुद्दा: शाळेच्या बसची चालक, नेब्रास्का. सध्याचा पत्ता: तीस फुटी मोटरहोम, जिथे उभी असेल तिथे. आल्बुकर्कीच्या बलून महोत्सवात वैमानिक आन्सेल्मो बाका यांच्या जमिनीवरील पथकात सलग नऊ वर्षे सेवा. विशेष अर्हता: ट्रेलर एका दमात मागे घेता येणे. उड्डाणाचा अनुभव: निरंक.

शेवटच्या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध होता. पथकाला पगार नसतो. पहाटे कुडकुडत बलूनचं कापड पसरायचं, हवा भरायला पंखा धरायचा, बलून उडाला की ट्रेलर घेऊन त्याच्यामागे धावायचं, आणि कधी टोपलीत जागा उरली तर आपला नंबर. सगळ्यांचा लागून गेला होता. माझा तर दोनदा. लव्हॉनची पाळी आली की मात्र कुणीतरी विचारायचं, "मग ट्रेलर कोण नेणार?"

यंदा एका पाहुण्या बाईंनी टोपली निरखली, "ही खरंच वेताची आहे?" असं विचारलं, आणि त्या कॉफी प्यायला गेल्या त्या गेल्याच. टोपलीत एक जागा रिकामी झाली.

"ट्रेलर मी नेतो," लव्हॉनचा नवरा वेंडेल म्हणाला.

"तू? अरे, तुला सायकल वळवता येत नाही!"

"बलूनच्या मागे पुढेच जायचं असतं, लव्हॉन. मागे घ्यायचं नंतर बघू."

"चढा हो बाई," आन्सेल्मो ओरडला, "वारा काय तुमचं भांडण संपायची वाट बघणार आहे?"

तिने एक पाय वर टाकला. आम्ही दोघांनी मागून हात दिला. "जोरात ढकला रे, लाजता काय!" ती ओरडली. उड्डाणाची परवानगी देणाऱ्या, पट्टेरी शर्टातल्या पंचाने शिट्टी मारली आणि लव्हॉन वर गेली. आकाशात पाचशे बलून होते, पण आवाज एकीचाच येत होता: "वेंडेल! तुझं टक्कल कसलं चमकतंय!"

इथे सकाळी वारा खाली दक्षिणेकडे वाहतो आणि वर उत्तरेकडे. कसबी वैमानिक खालून जातो, वरून परत येतो. आन्सेल्मो कसबी आहे. बलून जिथून उडाला तिथून चाळीस पावलांवर उतरला. आम्ही काही जण हिरव्या मिरचीच्या बरिटोसाठी नाश्त्याच्या रांगेत होतो, तसेच धावलो. पहिल्या उड्डाणाच्या रिवाजाप्रमाणे लव्हॉनला गुडघ्यांवर बसवून डोक्यावर शॅम्पेन ओतली. ती हसायची थांबेना.

वेंडेलचा पत्ता नव्हता. तिने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"नदीपलीकडे! अगदी तुझ्या खाली! किती हात करतोय, बघ की जरा!"

"वेंडेल, मी मैदानात उभी आहे."



"मग मघापासून मला हात करतोय तो कोण?"

आमचा धरून लाल-पिवळ्या पट्ट्यांचे बलून त्या दिवशी तीन होते.

तासाभराने तो आला आणि ट्रेलर मागे घेऊ लागला. ट्रेलर डावीकडे गेला, उजवीकडे गेला, शेवटी दोन मोटरहोमांच्या मध्ये आडवा अडकला. नऊ वर्षांच्या सवयीने सगळ्यांच्या माना लव्हॉनकडे वळल्या.

ती गवतावर पाय पसरून बसली होती. केसांतून अजून शॅम्पेन ठिबकत होती आणि हातात दुसरा ग्लास होता.

"मी प्यायलेय," ती म्हणाली. "पिऊन गाडी चालवायची नसते."

टोपली आम्ही सहा जणांनी उचलून ट्रेलरपर्यंत नेली. टोपलीचं वजन एकशे साठ किलो आहे.