आधी हिच्यावर

मुकुंदवाडी स्टेशनमागं आमच्या शेजारी एक चाचा राहायचे. प्रत्येक वाक्यानंतर ‘व्हय का नाय?’ विचारायचे, आणि गाडी धडधडत गेली की जमीन शांत होईपर्यंत बोलणं थांबवायचे.

माझी आई आणि चाची, दोघींच्या गाण्याची तरुणपणी एकेक तबकडी निघाली होती. आता दोघीही नव्हत्या; प्रत्येकीच्या तबकडीची एकच प्रत उरली होती. आईचं गाणं ऐकायचं म्हणून माझ्या रेकॉर्ड प्लेअरला नवी सुई बसवायला मी चाचांना बोलावलं. पण सुईचा दाब ठरवणारं दांड्यामागचं वजन फिरवताना त्यांची बोटं थरथरत होती.

“चाचा, राहू द्या.”

“थांब बेटा,” म्हणत ते घरी गेले आणि चाचींची तबकडी घेऊन आले. “आधी हिच्यावर बघू. व्हय का नाय?”

मी अडवेपर्यंत त्यांनी सुई टेकवली. दांडा हलका राहिला होता. सुई घसरली, तबकडीवर आडवा ओरखडा उमटला.

वजन जरासं पुढं सरकवून चाचांनी पुन्हा तीच तबकडी लावली. सुई ठरली. चाची गाऊ लागल्या, ओरखड्यापाशी टक् टक् करत.

“आता आईची लाव.”

आई स्वच्छ गायली. तेवढा वेळ चाचा मांडीवरच्या तबकडीवरून अंगठा फिरवत होते.