सविता कंडक्टरची डबल बेल

नाशिक–घोटी गाडीवर सविता असली की विल्होळीच्या थांब्यावरच्या माणसाला गाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते, असं तिचा ड्रायव्हर भिमाजी सगळ्या डेपोला सांगत सुटतो. "पुढं सरका! दारात काय लग्न लागतंय का कुणाचं? ओ दाढीवाले दादा, बाईमाणूस उभं आहे, डोळे मिटून झोपेचं सोंग नको, उठा!" दाढीवाले दादा उठतात. सगळेच उठतात. खाकी शर्टातल्या या बाईशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस अजून या गाडीतून उतरलेला नाही.

पण याच बाईला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीसमोर एक शब्द उच्चारता येत नव्हता. त्या शब्दाला ती 'आतलं' म्हणायची. सासूबाई वत्सलाबाई 'बॉडी' म्हणायच्या, तेही इकडं तिकडं बघून. दारूची बाटली काचेच्या कपाटात उजेडात मांडतात आणि बाईच्या अंगाला लागणारं कापड काळ्या पिशवीत गुंडाळून देतात, अशी आपली रीत. सविता या रीतीवर कधी भांडली नव्हती. बाकी सगळ्यावर भांडून झालं होतं, हेच तेवढं राहिलं होतं.

सविताची आणखी एक रीत होती. घरात येणारी प्रत्येक वस्तू वाढत्या मापाची. यशश्रीचा पाचवीचा गणवेश आठवीपर्यंत चालला. पहिली दोन वर्षं पोरगी त्यात हरवायची, तिसऱ्या वर्षी सापडली. बुटांच्या टोकात कापूस, रेनकोटच्या बाह्या दुमडलेल्या. दुकानात गेल्या गेल्या सविताचं ठरलेलं वाक्य, "वाढतं अंग आहे, जरा सैलच द्या." त्यात कंजूसपणा कमी आणि अभिमान जास्त. आपली पोरगी वाढणारी आहे, खुरटणारी नाही, हे दुकानदारालाही कळायला नको का?

यशश्रीला पहिल्यांदा ब्राची गरज पडली तेव्हाही सवितानं तेच केलं. ड्युटीवरून येता येता मेनरोडच्या हातगाडीवरून नजरेनं अंदाज घेऊन, एक नंबर मोठ्या अशा दोन उचलल्या आणि पोरीच्या उशीखाली सरकवून दिल्या. ना विचारलं, ना सांगितलं. गेल्या दिवाळीत मात्र धीर करून तिला मेनरोडच्या एका दुकानात सोबत नेलं आणि तिथं, सवयीनं, गाडीतल्या आवाजात बोलली, "पोरीसाठी आतलं दाखवा! जरा वाढत्या मापाचं, दोन वर्षं काढायचीत अजून!"

समोर पाणीपुरीच्या गाडीवर यशश्रीच्या वर्गातली तीन पोरं उभी होती.

यशश्री त्या दुकानातून जी निघाली ती सरळ सिडकोच्या घरापर्यंत चालत गेली. तेव्हापासून आईबरोबर दुकान हा विषय बंद. सवितानं पुन्हा अंदाजानं दोन आणल्या, पुन्हा उशीखाली ठेवल्या आणि मनात म्हणाली, रुसली असेल, निघेल रुसवा.

रुसवा निघाला नाही. जानेवारीत पोरीनं खो-खोच्या सरावाला जाणं बंद केलं. कधी पोट दुखतंय, कधी प्रोजेक्ट आहे, कधी नुसतंच "नाही जायचं". आता ही यशश्री कोण, तर सातवीपासून मैदानावर वाऱ्यासारखी पळणारी, सूर मारून समोरच्याला बाद करणारी. येत्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. त्यासाठी पोरीनं वर्षभर पहाटे उठून घाम गाळलेला, आणि आता ऐन वेळी पांघरूण डोक्यावर.

सविताच्या डोक्यात एकच आलं. कोच काहीतरी बोलली असणार. ड्युटी संपवून, खांद्यावरची कॅशबॅग डेपोत जमा करून ती तशीच खाकीत मैदानावर धडकली.

"पल्लवी मॅडम, माझ्या पोरीला काय बोललात तुम्ही?"

पल्लवी म्हणजे जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, स्वतः राज्यापर्यंत खेळलेली. शिट्टी तोंडातून काढून म्हणाली, "ताई, आधी श्वास घ्या."

"श्वास घेतलाय मी! बोला!"

"धावताना तिचा एक हात खांद्यावर असतो. पट्टा घसरतो, ती वर ओढते. सूर मारायची वेळ आली की थांबते. सरावाला आली त्या शेवटच्या दिवशी सेफ्टी पिन टोचली खेळताना, तरी मला म्हणाली पाठ दुखतेय." पल्लवीनं आवाज खाली आणला. "ताई, पोरगी खेळाला कंटाळलेली नाही. तिच्या मापाचं तिच्याकडं काही नाही, एवढंच आहे. माझ्या दोन चांगल्या पोरी याच्यापायी खेळ सोडून गेल्यात. ही तिसरी नको."

राग आला की तो कुणावर तरी काढायची सविताला सवय. या वेळी आजूबाजूला बघितलं तर काढायला माणूसच सापडेना. कारण तो माणूस ती स्वतःच होती.

घरी येऊन ती सरळ न्हाणीमागच्या दोरीकडं गेली. दोरीवर टॉवेल. टॉवेलखाली परकर. परकराखाली यशश्रीच्या दोन ब्रा, ओलसर, कुबट. चारही पट्ट्यांना पोरीनं स्वतः घड्या घालून पिना लावलेल्या. एक पीन गंजलेली.

"अगं, झाक ते!" मागून वत्सलाबाई ओरडल्या. "समोर लोकं राहतात."

"आत्याबाई, काल धुतलंय हे, अजून वाळलं नाही. असलं ओलं घालून पोरगी शाळेत जाते. खाज सुटणार नाही तर काय होईल?"

"आमच्या वेळी कुणाला सुटली नाही."

"सुटली असेल. सांगितली नसेल कुणी."

वत्सलाबाई लसूण सोलायला बसल्या.

रात्रीचं जेवण झाल्यावर सविता पोरीच्या पलंगाच्या कडेवर टेकली. "यशू, उद्या माझी सुटी आहे. आपण जाऊन येऊ."

"कुठं?"

"ते... आतलं आणायला." मग घसा खाकरून, "ब्रा आणायला. तुझ्या मापाची."

यशश्रीनं उशी तोंडावर घेतली. उशीतून आवाज आला, "आई, प्लीज! मी खो-खो सोडलाय. विषय संपला."

"का पण?"

"तुझ्यामुळे!" उशी क्षणभर बाजूला झाली. "तू दुकानात बोलतेस! सगळ्या मेनरोडला ऐकू जातं. मी त्या पोरांच्या समोर महिनाभर मान वर केली नाही, माहितीये तुला?"

सविताला माहीत नव्हतं. एरवी ती म्हणाली असती, कोण ती पोरं, नावं सांग, बघतेच एकेकाला. तिनं जीभ दाताखाली धरली. मग तिला येत होती त्याच भाषेत ती बोलली.

"असं कर. उद्या बेल तुझ्या हातात. माझ्या मनगटावर एक टिचकी मारलीस की सिंगल बेल, मी जागच्या जागी गप्प. दोन मारल्यास की डबल बेल, निघायचं, मी कारण विचारणार नाही. उद्याची कंडक्टर तू."

उशी थोडी खाली आली. नुसते डोळे दिसायला लागले. "आणि वाढतं माप?"

हा घाव वर्मी होता. "नाही घेणार."

"मेनरोड नाही."

"देवळाली कॅम्प. तुझ्या मॅडमनी दुकान सांगितलंय. तुझ्या वर्गातलं कुत्रंसुद्धा नसेल तिथं."

दुसऱ्या दिवशी दोघी सिटी बसनं निघाल्या. कंडक्टर मोबाइलमध्ये गुंग, दारात माणसं लटकलेली. सविताचा जीव कासावीस. "अहो, त्या माणसांना आत तरी..." टिचकी. सविता गप्प. पुढं एकदा, शालिमारला, पुन्हा टिचकी. बिटको चौकात तिनं स्वतःच ओठ घट्ट मिटून घेतले. यशश्री खिडकीकडं तोंड करून हसत होती.

कॅम्पाच्या बाजारात शिरल्या शिरल्या सविताला घाई नडली. मोठी पाटी दिसली आणि ती आत घुसली. ते दुकान दुसरंच निघालं. गल्ल्यावरच्या मिशीवाल्यानं यशश्रीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, मापाचा अंदाज केला आणि माळ्यावरच्या माणसाला जोरात हाळी दिली, "बेबीसाठी काढ रे! आणि ताई, जरा वाढत्या नंबरची देऊ ना?"

आपलंच वाक्य परक्याच्या तोंडून ऐकलं आणि सविताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बोलायला तोंड उघडलं, तोच मनगटावर टक्, टक्. डबल बेल. दोघी बाहेर.

"मी जाऊन फक्त दोन शब्द बोलून येते त्याला. डोळ्यांनी माप घेतो मेला!"

टिचकी.

"बरं."

मॅडमनी सांगितलेलं पिंकीभाभींचं दुकान आतल्या गल्लीत होतं. लष्करातल्या लोकांच्या बायका तिथं यायच्या, दारावर जाड पडदा होता आणि आत बाप्यामाणसाला प्रवेश नव्हता. पिंकीभाभींनी आईकडं बघितलंसुद्धा नाही. "आओ बेटा, बस. काय खेळतेस?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गुडघे बघून. इतके फुटलेले गुडघे नाचणाऱ्या मुलीचे नसतात."

यशश्री हसली. "खो-खो."

"छान. माप शर्टावरूनच घेऊ. टेप कोण धरणार? मी, तू, की मम्मी?"

आजवर हा प्रश्न यशश्रीला कुणी विचारला नव्हता. तिनं विचार केला. "आई."

पडद्यामागं सवितानं टेप धरली. बाहेरून पिंकीभाभींचा आवाज, "ताण नको, लोंबू पण देऊ नका. बेटा, श्वास घे, सोड. और सुनो, खांद्याचे पट्टे वजन उचलायला नसतात. खालचा पट्टा सगळा आधार देतो. त्यात दोन बोटं जायला पाहिजेत, तिसरं नाही. हात वर केलास तरी तो जागेवरून हलायला नको."

सविता बाहेर येऊन थांबली. यशश्री आत एकेक घालून बघत होती. पहिली काचली. दुसरी वर सरकली. तिसरीला आतून आवाज आला, "ही... ही ठीक वाटतीये."

सविताची सवय उसळली. "मग यातच एक नंबर मो..."

पडद्यातून एक हात बाहेर आला, चाचपडत आईचं मनगट शोधलं आणि त्यावर टक्कन टिचकी मारली.

पिंकीभाभी पोट धरून हसल्या. "ताई, हूक बघा. तीन रांगा आहेत ना? नवीन असताना बाहेरच्या रांगेवर लावायची. वापरून कापड ढिलं पडलं की आतल्या रांगेवर. ती सोय कापड वाढतं म्हणून आहे, मुलगी वाढते म्हणून नाही. मुलगी वाढली की तिला घेऊन परत या."

मग खेळायची ब्रा निघाली, डोक्यातून घालायची, पाठीवर रुंद. यशश्री ती घालून, वर टीशर्ट चढवून बाहेर आली. हात वर केले. वाकली. खांदे गोल फिरवले.

"असं नाही कळणार," पिंकीभाभी म्हणाल्या, "पळून दाखव." आणि त्यांनी स्टुलं, खोकी, पुठ्ठ्याचे बॉक्स भिंतीला सारले.

यशश्री फरशीवर खेळाडू बसतो तशी उकिडवी बसली, पाठीचा कणा ताठ. "खो कोण देणार?" तिनं मान वळवून बघितलं. "आई, दे की."

"मी? आवाज नको म्हणालीस ना?"

यशश्रीनं हात लांबवून आईच्या मनगटावर दोनदा टिचकी मारली.

सविता कंडक्टरनं सकाळपासून कोंडलेला सगळा आवाज एकदम सोडला. "खोऽऽ!" बाहेर गल्लीत एका रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. यशश्री उठली, दुकानाच्या टोकापर्यंत झेपावली, कपाटाला हात लावून गर्रकन फिरली आणि परत आली. तिचा हात एकदाही खांद्याकडं गेला नव्हता. तिलाही ते कळलं. ती स्वतःच्या रिकाम्या हाताकडं बघत राहिली.

"आणि तुमचं काय, ताई?" पिंकीभाभींनी टेप सविताकडं वळवली.

"माझं? माझं चाललंय की."

"बीस साल से चल रहा होगा."

सविताचा हात नकळत खांद्यावर गेला. तिथं कॅशबॅगचा एक वळ होता आणि त्याच्याच शेजारी दुसरा, जो कॅशबॅगचा नव्हता. तिनं पोरीकडं बघितलं. पोरीनं दोन टिचक्या मारल्या. कंडक्टर पडद्यामागं गेली.

घरी आल्यावर नवी खरेदी धुऊन सवितानं गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातली, भर उन्हात. वत्सलाबाईंनी वर टॉवेल टाकला. सवितानं काढला. वत्सलाबाईंनी पुन्हा टाकला. शेवटी यशश्री उठली, टॉवेल उचलला आणि शेजारी, वेगळ्या चिमट्यात लावला. "आजी, टॉवेललाही ऊन लागू दे." वत्सलाबाई पुटपुटल्या, पण टॉवेल पुन्हा हलला नाही.

रविवारी मैदानावर सविता खाकीतच आली, दुपारची गाडी होती. चुन्याच्या रेषेबाहेर उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागं, ओठ मिटलेले. यशश्री आक्रमणाला बसली. खो मिळाला, ती उठली आणि समोरची मुलगी खांबाला वळसा घालून निसटणार एवढ्यात यशश्रीनं अंग झोकून दिलं. सूर! पोटावर मातीत घसरत गेली आणि तिची बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली. बाद.

ती उठली. कोपर सोललेलं, तोंडात माती. हात खांद्याकडं न जाता सरळ हवेत गेला. गर्दीत तिनं आईला शोधलं. आई लालबुंद होऊन, श्वास कोंडून उभी होती.

यशश्रीनं दोन बोटं वर केली.

डबल बेल! मग त्या मैदानावर जो आवाज उठला तो भिमाजीनं डेपोत गाडी धुताना ऐकला, असं तो अजून सांगतो.